पॅकेजचा आकडा सोडा, तारखा विचारा

प्रश्न कोणता आलाय ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या सीना नदीकाठच्या एका गावचा मुलगा, पुण्यात शिकतो. २०२५ च्या सप्टेंबरात त्यांच्या घरात पाणी शिरलं, सोयाबीन गेलं, ऊस आडवा झाला. तेव्हापासून टीव्हीवर एक बाजू म्हणते इतिहासात दिली नव्हती एवढी मदत दिली, दुसरी म्हणते शेतकऱ्याच्या तोंडाला पानं पुसली, आणि गावात बघावं तर निम्म्या लोकांच्या खात्यात पैसे आलेत, निम्म्यांच्या नाहीत, ह्याच्या आजोबांच्या तर नाहीच. तो विचारतो, काका, खरं कोण बोलतंय आणि आपल्यासारख्याने ते ओळखायचं कसं?

मी कुठून बोलतोय ते सांगतो. तलाठी म्हणून महसूल खात्यात लागलो, मग मंडळ अधिकारी, शेवटी नायब तहसीलदार म्हणून रिटायर झालो, सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यात. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे मी नवीन तलाठी होतो, विसर्जनाच्या रात्रीची धावपळ करून झोपलेलो, सोलापुरातसुद्धा भांडी पडली होती आणि नंतर सिव्हिलला जखमींची रीघ लागली ती मी डोळ्याने बघितलीय. २०२० चा १४ ऑक्टोबरचा पाऊस हा माझ्या नोकरीतला शेवटचा मोठा प्रसंग, त्याच दिवशी पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पडून सहा जण गेले. आणि २०२५ ला मी घरी बसून होतो पण बसवेना म्हणून ओळखीच्या गावांत जाऊन आठ-दहा दिवस लोकांचे अर्ज लिहून दिले. तेव्हा जे सांगतोय ते टीव्ही बघून सांगत नाहीये.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की दोन्ही बाजूंचे आकडे बहुतेक वेळा खरेच असतात, पण त्या आकड्यांत तुमच्या आजोबांचं उत्तर नसतं. सगळी चर्चा कोटींवर चालते आणि गावातलं सुखदुःख ठरतं तारखेवर. पाणी कधी सोडलं आणि गावाला कधी कळलं, पाणी ओसरलं कधी आणि पंचनाम्याला माणूस कधी आला, यादी कधी लागली, खात्यात पैसे कधी पडले, ह्या तारखा एका कागदावर लिहा, सरकार कोणाचंही असो, त्याचं काम तुम्हाला लख्ख दिसेल. माझ्या सगळ्या नोकरीत कुठल्या चॅनलने ह्या तारखा ओळीने मांडून मंत्र्याला प्रश्न विचारल्याचं माझ्या बघण्यात नाही, आणि विरोधी पक्षानेही कधी त्यावर जोर धरला नाही, सत्तेत कोणीही असो.

आता आकड्याचं बघू, कारण तो समजून घेतल्याशिवाय भांडण समजणार नाही. ७ ऑक्टोबर २०२५ ला सरकारने जाहीर केलं ३१,६२८ कोटींचं पॅकेज. ऐकणाऱ्याला वाटतं एवढे पैसे शेतकऱ्याच्या हातात. पण त्यात रस्ते, पूल, वीज, शाळा असल्या दुरुस्तीचे १० हजार कोटी आहेत, विम्यातून मिळतील असे धरलेले पैसे आहेत, रोजगार हमीतून व्हायची कामं आहेत. ही कामं गरजेचीच आहेत, वाहून गेलेला पूल बांधायला नको का, पण तो पैसा आजोबांच्या खात्यात येणार नाही हे बातमी देणाऱ्याने पहिल्याच वाक्यात सांगायला पाहिजे होतं. शेतकऱ्याचा आकडा म्हणजे कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००, आणि मर्यादा ३ हेक्टर. त्यातसुद्धा दोन भाग आहेत बघा. केंद्राच्या ठरलेल्या निकषातले अनुक्रमे ८,५००, १७,००० आणि २२,५००, आणि वरचे १० हजार राज्याने रब्बीच्या बी-बियाण्यासाठी म्हणून दिले. हे दोन भाग वेगवेगळ्या वेळी खात्यात पडतात. म्हणून एखादा म्हणतो मला साडेआठ हजाराच्या हिशोबानेच आले, फसवलं, आणि सत्तेतला माणूस म्हणतो खोटं बोलतोय. दोघंही आपापल्या कागदावर खरे आणि मधे टीव्हीवर अर्धा तास जातो.

सत्ताधारी म्हणतात ही मदत आधीपेक्षा जास्त आहे, आणि २०२० शी तुलना केली तर ते खरं आहे. तेव्हा १० हजार कोटींचं पॅकेज होतं, जिरायत-बागायतीला हेक्टरी १० हजार, फळबागेला २५ हजार, तेही २ हेक्टरपर्यंत. तेव्हा सत्तेत असलेले बरेच जण आज विरोधात आहेत, तेव्हा विरोधात असलेले आज सत्तेत, आणि काही जण दोन्ही वेळा सत्तेत. त्या वेळी एका बाजूने जी भाषणं झाली ती आता दुसऱ्या बाजूने होतायत, हेक्टरी ५० हजार द्या ही मागणी २०२५ लाही झाली. मी म्हणतो तुम्ही गुंठ्यावर या. हेक्टरी १८,५०० म्हणजे गुंठ्याला साधारण १८५ रुपये. एका गुंठ्यावरचा चिखल, सडलेलं सोयाबीन काढून रान परत पेरायला तयार करायचं म्हणलं तर १८५ रुपयात काय होतं हे तुमच्या आजोबांना विचारा, ते एका दमात सांगतील. हा हिशोब टीव्हीवर कुठलीच बाजू करत नाही कारण कोटीत बोललं की मोठं वाटतं आणि गुंठ्यात बोललं की खरं दिसतं.

केंद्राने दिले, केंद्राने दिले नाहीत, हे दुसरं भांडण. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी म्हणून एक निधी आहे, एसडीआरएफ, त्यात महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे. ते पैसे वित्त आयोगाने ठरवून दिलेले असतात, पूर येवो न येवो हप्ता येतो. त्याच्या वर जादा पाहिजे असेल तर राज्याने नुकसानीचं निवेदन पाठवायचं, मग केंद्राचं पथक येतं, पाहणी करतं, मग दिल्लीत बैठक आणि मग पैसे. आता नेहमीचा हप्ता आला की एक बाजू म्हणते केंद्राने पूरग्रस्तांसाठी एवढे कोटी दिले, दुसरी म्हणते एक दमडी दिली नाही. विचारायचा प्रश्न एकच, जादा मदतीचं निवेदन राज्याने कुठल्या तारखेला पाठवलं आणि पथक कुठल्या तारखेला शेतात आलं. पूर सप्टेंबरात आला आणि पथक महिन्या-सव्वा महिन्याने आलं तर त्याला दिसणार काय, शेतकरी तोवर रान साफ करून हरभऱ्याच्या तयारीला लागलेला असतो, नाही लागला तर रब्बी जाते.

ओला दुष्काळ ह्या शब्दावरून जे रान उठलं त्याबद्दलही विचारलंय. ओला दुष्काळ हा शब्द लोकांचा आहे, आपल्या आजोबा-पणजोबांपासूनचा आहे, पण केंद्राचं २०१६ चं दुष्काळाचं मॅन्युअल आहे त्यात तो नाही, ते कोरड्या दुष्काळाचं आहे. म्हणून मुख्यमंत्री म्हणाले की असा शब्द नियमात नाही पण दुष्काळाच्या सवलती देऊ. त्या सवलती म्हणजे जमीन महसुलात सूट, शेती कर्जाच्या वसुलीला स्थगिती आणि कर्जाचं पुनर्गठन, शेतीपंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, रोहयोचे, म्हणजे रोजगार हमी योजनेचे, निकष सैल. आता तुम्हीच बघा, पंधरा दिवस भांडण चाललं शब्द जाहीर करा की नको करू, आणि सवलती आदेशात आल्यावर त्या बँकेच्या शाखेपर्यंत, कॉलेजच्या काउंटरपर्यंत कधी पोचल्या हे कोणी विचारलं नाही. तुम्ही पुण्यात शिकता, तुमच्या कॉलेजने परीक्षा फी माफीचा फॉर्म दिला का? नसेल दिला तर तो प्रश्न शब्दापेक्षा मोठा आहे.

आता ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त बोलायला पाहिजे आणि सगळ्यात कमी बोललं जातं ती सांगतो, पाणी सोडल्याची वेळ.

सप्टेंबरात काही चॅनलवर आणि मोबाईलवर पोस्ट फिरत होत्या, उजनी धरणाचं पाणी सोडलं म्हणून सीनेला पूर आला. उजनी भीमेवर आहे ओ. उजनीतून बोगद्याने सीनेत पाणी जातं हे खरं आहे, भीमा-सीना जोड बोगदा, पण तो उन्हाळ्यात सीनाकाठच्या पिकाला पाणी द्यायला. सीनेचा पूर आला तो तिच्या स्वतःच्या खोऱ्यातून, वर अहिल्यानगर, जामखेड, करमाळा, इकडून परंडा, भूम, तिथे पाऊस ओतला, चांदणी, खासापुरी, सीना-कोळेगाव हे प्रकल्प भरले आणि ते सगळं पाणी एकाच नदीत आलं जिचं पात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडं असतं. ही चूक बारीक वाटेल पण तिचा परिणाम मोठा झाला. लोक उजनीवाल्यांना शिव्या घालत बसले आणि वरच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या धरणांचा विसर्ग खालच्या जिल्ह्यातल्या गावांना किती तास आधी कळला हा खरा प्रश्न राहूनच गेला. परंडा धाराशिव जिल्ह्यात, माढा-मोहोळ सोलापुरात, दोन कलेक्टर, दोन नियंत्रण कक्ष, आणि नदी एकच.

क्युसेक म्हणजे काय तेही सांगून ठेवतो, बातम्यांत नुसता आकडा फेकतात. सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे २८ लिटरच्या वर थोडं. एक लाख क्युसेक सलग चोवीस तास चालू राहिलं तर साडेआठ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वर पाणी जातं, उजनीचा उपयुक्त साठाच ५३ टीएमसीच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज करा. पण गावातल्या माणसाला क्युसेक कळून उपयोग नाही, त्याला कळायला पाहिजे पाणी मारुतीच्या देवळाच्या कितव्या पायरीला लागणार आणि किती वाजता. जुने कोतवाल हे सांगायचे. वरून निरोप आला की नदीची वाट किती तासांची हे त्यांना पाठ असायचं, आणि ते हलगी घेऊन दवंडी द्यायचे. २०२० ला मी अक्कलकोट भागात बोरी नदीकाठी होतो. विसर्ग वाढवल्याचा मेसेज माझ्या मोबाईलवर रात्री दीडला आला. ग्रुपवर टाकला, खाली निळ्या टिका दिसेनात, कारण संध्याकाळपासून गावात लाईट नव्हती आणि मोबाईल बंद पडलेले. मग पोलीस पाटलांना उठवायला माणूस पाठवला, तो अंधारात ओढा ओलांडून गेला, त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. गावात भोंगा होता, ग्रामपंचायतीवर बसवलेला, पण बॅटरी मेलेली. देवळावरची घंटा वाजवून लोक उठवले. कागदावर लिहिलं गेलं की इशारा वेळेत दिला, आणि मेसेजची वेळ बघितली तर ते खरंही होतं, पण लोकांना कळलं अडीच-पावणेतीनला. तो सव्वा तास कुठल्याच अहवालात नाही. त्या सव्वा तासात सोडता आली असती ती जनावरं दाव्याला बांधलेली मेली.

म्हणून मी सांगतो, पुढच्या वेळी कोणी म्हणालं प्रशासन झोपलं होतं किंवा कोणी म्हणालं प्रशासन सज्ज होतं, तर विचारा, मेसेज किती वाजता निघाला, आणि खालच्या शेवटच्या वस्तीवर दवंडी किती वाजता झाली. दोन वेळांमधला फरक हेच उत्तर. एनडीआरएफ, म्हणजे केंद्राचं आपत्तीतलं बचाव दल, त्याबद्दलही तेच. आपल्याला जवळची तुकडी म्हणजे पुण्याजवळ सुदुंबऱ्याची पाचवी बटालियन, तिथून बोटी ट्रकवर घालून माढ्याला यायला रस्ता मोकळा असला तरी चार-पाच तास, आणि २०२५ ला तर पुणे-सोलापूर हायवेच लांबोटीजवळ सीनेच्या पुलावर बंद पडला होता. तेव्हा तुकडी आल्यावर फोटो निघतात ते ठीक, त्या जवानांचे उपकारच आहेत, जीव धोक्यात घालून माणसं काढतात, पण तुकडी मागवली कधी? पाऊस पडायच्या आधी आणून ठेवायची का पडल्यावर बोलवायची, हा निर्णय कोणीतरी खुर्चीवर बसून घेतलेला असतो आणि त्याची तारीख-वेळ फाइलवर असते.

पंचनाम्याचं आता सांगतो कारण तुमच्या आजोबांचा विषय तिथेच अडकलाय असं मला वाटतं. मदत मिळायला पीक ३३ टक्क्यांच्या वर गेलं पाहिजे. मंडळात, म्हणजे महसूल खात्याने केलेल्या काही गावांच्या गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस पडला तर ती अतिवृष्टी. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक तिघांनी मिळून बघायचं. एका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन गावं, शेकडो गट नंबर, आणि वरून आदेश आठ दिवसांत संपवा, कारण मंत्र्यांनी टीव्हीवर तसा शब्द दिलेला असतो. मग काय होतं, गाडीरस्त्याच्या कडेचं रान बघितलं जातं आणि आतलं नजरअंदाजाने लिहिलं जातं. हे मी आरोप म्हणून बोलत नाही, मी स्वतः त्या जागी उभा राहिलोय, कमरेएवढ्या चिखलात गट नंबरचा दगडसुद्धा सापडत नाही.

उसाचं तर फार अवघड. सोयाबीन सडलेलं दिसतं, काळं पडतं, शेंगेला मोड येतात, प्रश्नच नाही. ऊस आडवा झाला तरी हिरवा दिसतो, अधिकारी म्हणतो हे तर उभं पीक आहे, शेतकरी म्हणतो साहेब बुडक्याला बघा, मुळं उघडी पडलीत, उंदीर लागणार, वजन निम्म्यावर येणार, कारखाना तोड देणार नाही. दोन्ही बाजूंनी डोळ्याला दिसतं ते खरं असतं. मी एक पद्धत ठेवली होती, उसाच्या रानात बांधावरून न बघता चार सऱ्या आत जायचं.

आणि गाळ. नियम असा आहे की शेतात ३ इंचाच्या वर गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी १८ हजार, आणि जमीनच खरडून वाहून गेली तर हेक्टरी ४७ हजार. २०२५ ला खरडलेल्या जमिनीला रोहयोतून ३ लाखांपर्यंत अजून जाहीर केलेत. आता ३ इंच मोजायचे कुठे? नदीकडे उतरतं लांबट रान असतं, नदीच्या अंगाला दीड फूट गाळ, मधे वीतभर, वरच्या बांधाला दोन बोटं. पट्टी कुठे रोवली त्यावर त्या माणसाचं वर्ष ठरतं. २०२० ला एका शेतात मी पट्टी घेऊन उभा होतो, शेतकरी काही बोलला नाही, फक्त माझ्या हाताकडे बघत राहिला, मी कुठे वाकतो इकडे. मी पाच ठिकाणी मोजलं, पाचही आकडे पंचनाम्यात लिहिले आणि त्याची सही घेतली. त्या एका शेताला पाऊण तास गेला. आठ दिवसांची मुदत होती, अशी पाऊण-पाऊण तासाची शेतं दिवसात किती होतील ते तुम्हीच मोजा. म्हणून जेव्हा नेता म्हणतो पंचनामे आठ दिवसांत पूर्ण, आणि अँकर म्हणतो पंचनामे इतके संथ का, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो, कारण घाई झाली की मार खातो तो आतल्या रानाचा मालक. मागायचं असेल तर माणसं मागा, शेजारच्या तालुक्यातले, कोरड्या भागातले तलाठी पंधरा दिवस इकडे का नाही आणले हे विचारा, सांगोल्याचा तलाठी माढ्यात येऊ शकतो, त्याला एका आदेशाचं काम आहे.

मीडियाबद्दल माझं मत तिखट आहे पण त्यांच्या विरोधात नाही. २०२० ला एका चॅनलने दाखवलं की अमुक गावात चार दिवस अधिकारी फिरकलेच नाहीत. मी त्याच गावाच्या अलीकडच्या काठावर उभा होतो, पूल पाण्याखाली, पलीकडे जायला बोट नाही. रिपोर्टर पलीकडच्या बाजूने आला होता, त्याला पूल दिसलाच नाही. फोन करून सांगितलं तर म्हणाले स्टोरी चालून गेली. मला दुःख माझ्या नावाचं नव्हतं, दुःख ह्याचं की खरी बातमी होती बोट का नाही, ती बातमी मेली. नदीकाठच्या तालुक्यात बोटी किती, त्यातल्या चालू किती, हे त्या दिवशी राज्याला कळलं असतं.

आणि २०२५ चं एक. सीनाकाठच्या गावात मी अर्ज लिहायला बसलो होतो, शेजारी एक म्हातारी आजी ओट्यावर भिजलेली ज्वारी वाळत घालत होती, पोत्यातली ज्वारी पाण्यात दोन दिवस राहिल्यावर जो आंबूस वास येतो तो सगळ्या गल्लीत होता, दाण्याला पांढरे मोड आलेले, हाताने चोळून ती चांगले दाणे वेगळे काढत होती. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ. एक तरुण रिपोर्टर आला, त्याने विचारलं आजी, काय वाटतंय. ती रडली, त्याने शूट केलं, निघाला. मी त्याला थांबवलं, म्हणलं बाळा, तिला विचार घरात पाणी शिरलेल्यांच्या यादीत नाव आहे का. नव्हतं. मुलगा वेगळा राहतो, रेशनकार्ड एकच, म्हणून एका कुटुंबाची एकच मदत धरलेली. त्या गल्लीत अशी सात घरं निघाली. त्या पोराने ती बातमी केली, मला त्याचं कौतुक आहे, नंतर फेरतपासणीला माणूस आला. नेत्यांचे फोटो छापलेल्या मदतीच्या पिशव्यांवरून राज्यभर दोन-चार दिवस चर्चा झाली, झालीच पाहिजे होती, माणसं पाण्यात असताना पिशवीवर चेहरा छापणं मला पटत नाही. पण त्या चर्चेला दिलेल्या वेळेच्या दहाव्या भागात असल्या किती गल्ल्या सापडल्या असत्या.

नेत्यांच्या दौऱ्यांवरून दोन शब्द. दौरा झालाच पाहिजे, किल्लारीला मुख्यमंत्री स्वतः येऊन बसले म्हणून यंत्रणा हलली हे मी बघितलंय. पण एका व्हीआयपी दौऱ्याला त्या तालुक्यातला सगळा स्टाफ एक दिवस जातो, बॅरिकेड, ताफ्याचा रस्ता, कोणाला भेटवायचं त्याची यादी. पाणी असताना एका दिवसात तीन पक्षांचे तीन दौरे आले तर त्या दिवशी पंचनामे शून्य. सत्ताधारी, विरोधक सगळ्यांनी मिळून ठरवावं की पहिले चार दिवस एकानेच जायचं. हे मी नोकरीत असताना बोलू शकत नव्हतो, आता बोलतो.

पीकविम्याचं लई लोकांना माहीतच नाही म्हणून सांगतो. आधी पूर आला की ७२ तासांत विमा कंपनीला कळवायचं, आणि तुमच्या एकट्याच्या शेताचं नुकसान धरलं जायचं. २०२५ च्या खरिपापासून राज्याने ते बदललं, एक रुपयातला विमा बंद केला आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली, म्हणजे सगळ्या मंडळाचं उत्पन्न सरासरीत किती आलं त्यावर. निर्णय झाला पावसाळ्याच्या तोंडावर, तेव्हा कुठल्या चॅनलने त्यावर चर्चा लावलेली मला आठवत नाही. सप्टेंबरात लोक मोबाईलवर फोटो काढून कंपनीला कळवायला धावले तेव्हा कळलं की ती सोयच गेली. सीनेच्या काठचं रान बुडालं आणि त्याच मंडळातलं माळावरचं वाचलं तर सरासरीत काठावरच्याचं नुकसान विरघळून जातं. सरकारला धारेवर धरायचंच असेल तर ही जागा आहे. आणि सत्तेतल्यांचं म्हणणं होतं जुन्या योजनेत बोगस अर्ज फार झाले, तेही झाले होते हे मी नाकारत नाही, पण त्यासाठी बुडणाऱ्याचा दोर कापायचा का.

पूररेषेचाही विषय आहे, निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. सीना कोरडी म्हणून लोक पात्राला खेटून बसले आणि परवानग्याही मिळत गेल्या. त्यावर वेगळं लिहीन, इथे वाढवत नाही.

आता तुमच्या आजोबांचं. पहिलं काम, सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खात्याचा उतारा, काढा आणि खातं एकट्याचं आहे का सामायिक ते बघा. चार भावांची नावं एका खात्यावर असतील तर पैसे कोणाच्या नावावर टाकायचे यासाठी बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, ते नसलं की रक्कम तशीच पडून राहते आणि वरच्या अहवालात मंजूर म्हणून दिसते. म्हणूनच टीव्हीवर एवढे टक्के वाटप झालं म्हणतात आणि गावात मिळालं नाही म्हणतात. भावकीत बोलणं नसेल तर पोलीस पाटलाला मधे घाला, पण संमती करून घ्या. दुसरं, ग्रामपंचायतीत किंवा चावडीवर यादी लावायचा नियम आहे, तिथे आजोबांचं नाव आणि त्यापुढचा विशिष्ट क्रमांक बघा. क्रमांक असेल तर आपले सरकार केंद्रावर आधार घेऊन ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करायची, आजोबांच्या बोटांचे ठसे उमटत नसतील, म्हाताऱ्या कष्टकरी माणसांचे उमटत नाहीत, तर दुसऱ्या पद्धतीने करायला सांगा. ॲग्रिस्टॅकचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीचा, फार्मर आयडी काढलेला असेल तर केवायसीची गरज नाही. आधारला जोडलेलं बँक खातं कुठलं तेही तपासा, कितीदा पैसे एका जुन्या विसरलेल्या खात्यात पडलेले असतात आणि माणूस दुसऱ्याच पासबुकावर शिक्के मारत बसतो.

यादीत नावच नसेल तर तलाठ्याकडे तोंडी भांडू नका, तहसीलदारांच्या नावाने अर्ज लिहा, गट नंबर, क्षेत्र, पीक, पाणी कोणत्या तारखेला शिरलं, कोणत्या तारखेला ओसरलं, पंचनाम्याला कोण आलं किंवा आलं नाही, सगळं तारखेसकट, आणि आवक शिक्का मारलेली प्रत परत घ्या. पंचनाम्याची नक्कल मागा, ती तुम्हाला मिळते. भिंतीवरची चिखलाची रेघ अजून असेल तर चुना मारायच्या आधी शेजारी टेप धरून फोटो काढून ठेवा. रविवारी गावी जाताय म्हणालात ना, मग सोमवारचाही दिवस राखून ठेवा, तहसीलला सकाळीच गर्दी कमी असते, आणि आजोबांना घेऊन जा, अर्जावर सही त्यांची लागेल.